सेव्हर्नकाठचे क्रिकेट

आपल्या परिचयाचे क्रिकेट हे गर्दीचे क्रिकेट. वानखेडेवरील जल्लोष असो वा गावच्या मैदानावरील टेनिस चेंडूचे सामने, गोंगाटावाचून खेळाला रंग चढत नाही अशीच आपली समजूत. इंग्लंडातील कौंटी सामना या समजुतीला पहिल्या तासाभरातच तडा देतो. १८९० पासून अधिकृतपणे चालत आलेल्या या स्पर्धेत अठरा कौंट्यांचे संघ खेळतात. सामना चार दिवसांचा, आणि प्रेक्षक मोजकेच. वूस्टर येथील न्यू रोड मैदानावर असा एक पूर्ण दिवस काढण्याचा योग आम्हांस आला.

एका बाजूस सेव्हर्न नदी, नदीपलीकडे उंच मनोऱ्याचे कॅथेड्रल, अलीकडे हिरवेगार मैदान. नदीला पूर आला की मैदान पाण्याखाली जाते. २००७ च्या उन्हाळ्यात तर येथील सामने पुरापायी सोडून द्यावे लागले. याच मैदानावर ब्रॅडमनने १९३०, १९३४ आणि १९३८ अशा लागोपाठच्या तीन दौऱ्यांत द्विशतके ठोकली. आपला कपिल देवही १९८४-८५ मध्ये या कौंटीकडून खेळला.

सकाळी अकराला खेळ सुरू झाला. आमच्या आसपास बहुतेक साठी उलटलेली मंडळी. कुणाच्या पिशवीत चहाचा थर्मास आणि सँडविचेस, कुणाच्या हाती विणकाम. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ प्रत्येक चेंडूची नोंद वहीत करीत होते. तास-तास धावा निघाल्या नाहीत तरी कुणाला घाई नव्हती. चांगला चेंडू फलंदाजाने सोडून दिला की टाळ्यांचा हलकासा आवाज उठे आणि विरून जाई. मधूनच कॅथेड्रलची घंटा तासाचे टोल देई. जपमाळेच्या मण्यांसारखी एकामागून एक षटके सरत होती, आणि शांततेलाही एक लय असते हे आमच्या ध्यानी येत होते.

उपाहाराच्या सुट्टीत फेरफटका मारताना बेझिल डॉलिव्हेरा यांचे नाव दिलेला प्रेक्षककक्ष दिसला. आडनाव वाचून पावले थबकली. अशी पोर्तुगीज वळणाची आडनावे आपल्या वसईत आणि गोव्यात घरोघरी. हा गृहस्थ मात्र केपटाऊनचा. तेथील एका कॅथलिक कुटुंबात १९३१ साली जन्मलेला. कातडी गोरी नव्हती, म्हणून स्वतःच्या देशाच्या संघाचे दार त्याला बंद होते. समालोचक जॉन अर्लट यांना पत्रे लिहून त्याने इंग्लंडची वाट शोधली आणि १९६० साली तो तेथे आला. पुढे तो वूस्टरशायरचा झाला, इंग्लंडकडून ४४ कसोटी सामने खेळला. १९६८ साली ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने १५८ धावा केल्या. तरीही दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी त्याला प्रथम वगळण्यात आले. दुसऱ्या एका खेळाडूच्या दुखापतीमुळे त्याची निवड झाली, तेव्हा तेथील पंतप्रधान फोर्स्टर यांनी हा संघ स्वीकारण्यास नकार दिला आणि दौराच रद्द झाला. १९७० नंतर १९९१ पर्यंत दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटबाहेर राहिली.

परत आल्यावर शेजारच्या गृहस्थांकडे आम्ही हा विषय काढला. “बॅट मागे फारशी उचलायचाच नाही, सारा जोर मनगटांत आणि दंडात,” एवढेच ते म्हणाले आणि पुन्हा वहीत वाकले. त्यांच्या लेखी तो प्रथम एक फलंदाज होता. यापेक्षा मोठा सन्मान त्या माणसाने तरी कोणता मागितला असता?

समोरचे कॅथेड्रल आज अँग्लिकन असले, तरी सोळाव्या शतकापर्यंत तेथे बेनेडिक्टाईन मठवासी प्रार्थना करीत. अकराव्या शतकातील तेथील बिशप संत वुल्फस्टन यांनी ब्रिस्टल बंदरातून चालणाऱ्या गुलामांच्या व्यापाराविरुद्ध प्रवचने दिली. एका प्रवचनाने काम भागले नाही. ते पुनःपुन्हा तेथे जाऊन मुक्काम करीत, आणि अखेर तेथील लोकांनीच तो व्यापार सोडला. न्यायालाही चार दिवसांच्या सामन्यासारखा धीर लागतो, हे नदीच्या त्या काठावरून या काठाला कुणी सांगावे असे वाटत राहिले.

मात्र यात केवळ परक्यांचे पाप पाहून चालणार नाही. १९११ साली हिंदी संघासोबत इंग्लंडला गेलेल्या पळवणकर बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्याच्या जिमखान्यावर चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून मिळत असे. त्यांच्या हातून सुटलेला चेंडू सर्वांना चालत होता, त्यांच्या ओठांना लागलेला कप चालत नव्हता. प्रभूच्या एका मेजाभोवती जमणाऱ्या आपणही स्वतःला विचारावे: आपल्या गावच्या संघात, आपल्या घरच्या पंगतीत, अजून कुणाचा चहा बाहेर तर जात नाही ना?