मक्याच्या माहेरी

नाशिक रोडहून पूर्वेकडे निघाले की थोड्याच वेळात एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची उंच धुराडी दृष्टीस पडू लागतात. गोदावरीच्या काठचे हे गाव. १९७० च्या सुमारास येथे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले आणि गावाच्या शेजारी कर्मचाऱ्यांची वसाहत उभी राहिली. भट्ट्यांना लागणारा कोळसा आगगाडीने येतो. त्यातला पुष्कळसा विदर्भातील खाणींतून, वर्ध्याच्या वाटेने येतो. इतक्या दुरून वाघिणी भरभरून कोळसा यावा, याचे नवख्याला नवल वाटते. पण नाशिकच्या शिवारात जो मका पावसाळ्यात डोलत असतो, तो याहून कितीतरी दुरून आलेला पाहुणा आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

मक्याचे माहेर मेक्सिको देशात. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथील लोकांनी तेओसिंते नावाच्या एका रानगवतापासून मका घडविला. त्या गवताचे कणीस बोटाएवढे असते. त्यात पाचदहा दाणे, आणि तेही दगडासारख्या कवचात बंद. त्यांतला त्यातल्या त्यात बरा दाणा राखून ठेवावा, तोच पुढच्या वर्षी पेरावा, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले, तेव्हा कोठे आजचे भरघोस कणीस तयार झाले. पोर्तुगीजांच्या काळात हे बी आपल्याकडे पोहोचले असे मानतात. आता तर श्रावणातल्या पावसात निखाऱ्यावर भाजलेल्या कणसाला तिखटमीठ आणि लिंबू चोळताना तो परदेशी आहे, असे कोणी सांगितले तर खरे वाटू नये.

मका तिकडून इकडे आला, आणि पुढे आपल्याकडचा एक मनुष्य तिकडे गेला. ज्या वर्ध्यावरून एकलहऱ्याचा कोळसा येतो, त्याच वर्ध्याचा तो पुत्र. मक्याच्या माहेरी जाऊन त्याने तेथल्याच मुलांना मक्याची शेती शिकविली. कोळ्याच्या पोराला पोहणे शिकविण्यासारखेच हे धाडस! त्या शिक्षकाचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

देश सोडताना खानखोजे यांना शिक्षक व्हावयाचे नव्हते. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेला तो तरुण होता. हिंदुस्थान स्वतंत्र करावयाचा तर युद्धविद्या शिकली पाहिजे, या ध्यासाने १९०६ च्या सुमारास तो घराबाहेर पडला आणि जपानमार्गे अमेरिकेत पोहोचला. तेथे मोलमजुरी करून त्याने पोट भरले आणि एका लष्करी शाळेत शिक्षणही घेतले. पण त्याचबरोबर ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या महाविद्यालयांत त्याने शेतकीचा रीतसर अभ्यास केला. १९१३ साली अमेरिकेत गदर पक्ष स्थापन झाला, त्याच्या पहिल्या मंडळींत खानखोजे होते. पहिल्या महायुद्धात ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. या लढ्यांचे वर्णन करावयाचे तर वेगळा पाठ लागेल. येथे इतकेच सांगावयाचे की, युद्ध संपले तेव्हा त्यांना मायदेशाचे दार बंद झाले होते. परतले असते तर कारावास किंवा फास चुकला नसता. त्यांचे सहकारी, तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे, यांना १९१५ साली लाहोरास फाशी झाली होती.

युरोपात आणि रशियात काही काळ काढून १९२४ साली खानखोजे मेक्सिकोत उतरले. वय चाळिशीच्या घरात. जन्म एका देशातला, पदवी दुसऱ्या देशातली आणि नोकरी मागावयाची तिसऱ्याच देशात! अशा मनुष्याला कोण विचारणार? परंतु सॅन फ्रान्सिस्कोत असताना तेथील मेक्सिकन वकील रामोन दे नेग्री यांच्याशी त्यांचा स्नेह जडला होता. ते आता आपल्या देशाचे शेतकी मंत्री झाले होते. त्या ओळखीने वाट सापडली आणि चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी शाळेत खानखोजे प्राध्यापक झाले.

परक्या देशात शिकवावयास जाणाऱ्याला हा पदवीचा प्रश्न नेहमीच पडत आला आहे. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्या कोणत्याही विश्वविद्यालयाच्या नव्हत्या. तरी इंग्लंडात गेल्यावर चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात रमाबाई संस्कृत शिकवू लागल्या. १९१० साली हार्वर्डला गेलेले गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांनी पाली भाषा शिकली ती सिंहलद्वीपातील आणि ब्रह्मदेशातील विहारांत. अलीकडे कागदपत्रांचे नियम पुष्कळ वाढले आहेत. २०२३ साली इंग्लंडने भारतासह काही देशांतील गणित, विज्ञान आणि भाषा शिकविणाऱ्या प्रशिक्षित शिक्षकांना आपल्याकडील पात्रतेसाठी अर्ज करण्याची वाट मोकळी केली. म्हणजे कागद दाखवावाच लागतो. पण कागदाने फार तर वर्गाचे दार उघडते. फळ्यापुढे उभे राहिल्यावर त्याचा उपयोग फारसा नाही.

चापिंगो हे मेक्सिको शहराजवळचे स्थळ. पूर्वी ती एका बड्या जमीनदाराची जहागीर होती. मेक्सिकोत जमीनदारांविरुद्ध दहा वर्षे क्रांती झाली, त्यानंतर ती जागा शेतकी शाळेला मिळाली. १९२४ च्या मे महिन्यात तेथे वर्ग भरू लागले. मनुष्याचे नव्हे, तर जमिनीचे दोहन करावयास शिकवावे, अशा आशयाचे ब्रीद त्या शाळेने धरले होते. स्वतःच्या देशासाठी लढून हरलेल्या खानखोज्यांना ते वाचून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

तेथे शिकविण्याची भाषा स्पॅनिश. मराठीत वाढलेल्या आणि इंग्रजीत पदवी घेतलेल्या माणसाला चाळिशीत पुन्हा बाराखडी गिरवावी लागली. त्याहूनही अवघड गोष्ट निराळीच होती. समोर बसलेली मुले मक्याच्या राशीत वाढलेली. त्यांच्या घरी आई मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवी, रात्रभर भिजत ठेवी आणि सकाळी पाट्यावर वाटून त्याच्या ‘तोर्तिया’ भाजी. दिसण्यात ती आपल्या भाकरीची धाकटी बहीणच. चुन्याने दाण्याची साल तर सुटतेच, पण मक्यातले एक जीवनसत्त्वही शरीराला मिळू लागते. युरोपियनांनी मका नेला आणि चुन्याची ही रीत मागेच सोडली. त्यामुळे जेथे गरिबांना केवळ मक्यावर दिवस काढावे लागले, तेथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला. विद्वानांना त्याचे कारण कळावयास विसावे शतक उजाडले. ज्या देशाच्या आजीबाईंना असले ज्ञान आहे, त्या देशात पुस्तक उघडून मका शिकविणारा पहिल्या दिवशीच हास्यास्पद ठरावयाचा. खानखोजे शेतांत हिंडले, नाना प्रकारचे मके त्यांनी गोळा केले, आणि जे लोकांना ठाऊक होते त्याच्या पुढचे शिकविले.

हे पुढचे म्हणजे काय? मक्याच्या ताटावर दोन ठिकाणी फुले येतात. शेंड्याचा तुरा हा नराचा. कमरेशी जे कणीस धरते ते मादीचे. कणसाच्या टोकाला जे रेशमी केस लोंबतात, त्यांतील प्रत्येक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो. तुऱ्यातील पराग केसावर पडला म्हणजे दाणा भरतो. ज्या केसावर पडत नाही, तेथे कणसावर खोप पडते. भाजलेल्या कणसात मध्येच दाणे नाहीसे दिसतात त्याचे कारण बहुधा हेच. आता दोन जातींचा संकर करावयाचा असेल तर एकीचे तुरे फुलण्यापूर्वीच खुडावे, कणसांवर कागदी पिशव्या चढवाव्या आणि दुसरीचा पराग आणून केसांवर झटकावा. काम किती साधे! पण कोणता पराग कोणत्या कणसावर घातला याची नोंद वर्षानुवर्षे ठेवणे हे मात्र तपश्चर्येचे काम आहे. खानखोज्यांनी मक्याचे, तसेच गहू आणि कडधान्यांचे प्रयोग केले. कडाक्याच्या थंडीत आणि रोगाच्या साथीत टिकून राहतील अशा जाती शोधल्या. रानातल्या तेओसिंत्याचाही मक्याशी संकर करून पाहिला. त्यांच्या कणसांची छायाचित्रे तीना मोदोत्ती या प्रसिद्ध इटालियन छायाचित्रकर्तीने घेतली.

वर्गातल्या मुलांवर त्यांचे समाधान झाले नाही. शाळेत येऊ न शकणाऱ्या गरीब शेतकऱ्यांचे काय, असा प्रश्न त्यांना पडला. मग साथीदारांसह त्यांनी गावोगावी शेतीच्या मुक्त शाळा काढल्या. जमिनीसाठी लढताना १९१९ साली मारला गेलेला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो झापाटा याचे नाव त्या शाळांना दिले. तेथे फी नव्हती. युद्धविद्या शिकावयास निघालेल्या मनुष्याने शेवटी हाती घेतले ते बी आणि खडू. आणि पाहू गेल्यास त्याचा पक्ष काही बदलला नव्हता.

मेक्सिकोचा थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा त्या काळी सरकारी इमारतींच्या भिंती रंगवीत होता. मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीत त्याचे एक भित्तिचित्र आहे. एका मेजाभोवती निरनिराळ्या वर्णांची माणसे बसली आहेत आणि मधोमध एक मनुष्य पाव मोडून देत आहे. हा मनुष्य म्हणजे खानखोजेच, असे मानले जाते. एका परदेशी शिक्षकाला तेथील लोकांनी आपल्या पंक्तीत कोठे बसविले, ते त्या भिंतीवर दिसते.

१९३६ साली खानखोज्यांनी बेल्जियमच्या एका स्त्रीशी विवाह केला. त्यांच्या दोन्ही मुली मेक्सिकोत जन्मल्या. एकीचे नाव त्यांनी सावित्री ठेवले, दुसरीचे माया. घराच्या बाहेर स्पॅनिश, आत आणखी काही भाषा, आणि मराठी बोलावयास जवळ कोणी नाही, अशी वर्षांमागून वर्षे गेली. १९४७ साली भारत स्वतंत्र झाला. तेव्हा तरी सरळ घरी जाता यावे! पण इंग्रजांनी त्यांच्या नावावर घातलेली बंदी कागदोपत्री तशीच राहिली होती. परक्या देशाने ज्याला परक्या पदवीनिशी आपला प्राध्यापक केले, त्याला स्वतःच्या स्वतंत्र देशात येण्यासाठी परवाना मिळेना. पुढे ती चूक दुरुस्त झाली आणि ते भारतात आले. अखेरची वर्षे त्यांनी नागपुरास काढली. वर्धा तेथून जवळच. पण तरुणपणी सोडलेल्या गावात ओळखीचे कोण उरले असणार? २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरास त्यांचे निधन झाले.

चापिंगोची ती शाळा आता विद्यापीठ झाली आहे. २०२२ च्या सप्टेंबरात भारताच्या लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते तेथील आवारात खानखोज्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.