कचरा कुणाचा

मागच्या दिवाळीच्या आधी, पंधरा माणसांच्या कॉलवर, मी आमच्या टीममधल्या सगळ्यात ज्युनियर मुलाला म्हणालो, "तुझ्या रिलीजनंतरच सुरू झालंय हे." तो म्यूटवर होता. म्यूटवरच राहिला.

'हे' म्हणजे आमची डिलिव्हरी चार्ज काढणारी जावा सर्व्हिस पहाटे साडेतीनला मेमरी संपून मेली होती. सेलच्या दिवसांत तीन आठवडे रिलीज बंद असतात. बंदीच्या आदल्या दिवशी गेलेला शेवटचा बदल त्याचा होता आणि नवव्या दिवशी सर्व्हिस पडली. दोन अधिक दोन चार. त्याचा बदल मागे घेतला, मेमरी संपली की हीप डंप आपोआप फाइलमध्ये पडेल असा फ्लॅग लावला आणि मी झोपलो.

नऊ दिवसांनी ती पुन्हा मेली. त्याचा कोड तेव्हा तिथे नव्हताच.

जावात मेमरी लीक होत नाही, असं वायव्हाला सांगून मी मार्क घेतलेत. सी-मध्ये घेतलेली मेमरी आपण परत करायची. जावात गार्बेज कलेक्टर करतो. पण कलेक्टरला कचरा म्हणजे काय ते आपल्यासारखं कळत नाही. तो चालू थ्रेड्सची व्हेरिएबल्स, स्टॅटिक फील्ड्स अशा मुळांपासून निघतो, एकेका रेफरन्सला धरून पुढे जातो आणि ज्याच्यापर्यंत पोचला ते सगळं जिवंत धरतो. पोचता येतं का, एवढंच तो विचारतो; लागणार आहे का, हे नाही. जॉन मॅकार्थींच्या १९६०च्या लिस्पवरच्या पेपरातही मुळात हीच कल्पना आहे. आईने 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेले श्रीखंडाचे रिकामे डबे कलेक्टरच्या हिशेबात जिवंतच. ते खणात आहेत ना, मग झालं.

आधी ग्राफ बघितला. जावाच्या मेमरीचा ग्राफ करवतीसारखा असतो: चढतो, कलेक्टर येतो, पडतो. नवखा माणूस दातांची टोकं बघून घाबरतो. बघायचा असतो तो तळ, म्हणजे पूर्ण साफसफाई झाल्यावर उरते ती मेमरी. आमचा तळ रोज वर सरकत होता. मागचे सहा महिने काढले, तर तेव्हाही सरकत होता. फक्त आम्ही दर मंगळवारी आणि शुक्रवारी रिलीज करायचो आणि प्रत्येक रिलीजला सर्व्हिस रीस्टार्ट व्हायची. आजार जुनाच होता, आठवड्यातून दोनदा झाकला जात होता. इथेच माझ्या पोटात जरा खड्डा पडला.

डंप साडेतीन जीबीचा होता. एक्लिप्सच्या मेमरी अ‍ॅनालायझरमध्ये उघडेपर्यंत दोन चहा झाले. सुरुवातीच्या यादीत वर बाइट अ‍ॅरे आणि स्ट्रिंग. त्या नेहमीच वर असतात, त्यावरून काही कळत नाही. खरी गंमत डॉमिनेटर ट्रीमध्ये. एखादी वस्तू स्वतः केवढी, यापेक्षा ती गेली तर तिच्यासोबत किती मेमरी मोकळी होईल, ते तिथे दिसतं. एक हॅशमॅप होता. स्वतःचं वजन काही बाइट, धरून ठेवलेलं २.९ जीबी. चौदा लाख नोंदी.

कीज उघडल्या. पिनकोड ४११०३८, ५०० ग्रॅम, साधी सेवा. पुढची की: पिनकोड ४११०३८, ५०० ग्रॅम, साधी सेवा. तशाच हजारो. मग हा मॅप कोण धरून आहे, म्हणून मुळापर्यंतचा रस्ता विचारला. एका क्लासचं स्टॅटिक फील्ड. गिटला विचारलं, ही ओळ कुणाची. माझी. दोन वर्षांपूर्वीची.

चूक पुस्तकी होती. कीच्या क्लासमध्ये मी इक्वल्स आणि हॅशकोड लिहिलेच नव्हते. ते नसले की जावा फक्त 'ही तीच वस्तू आहे का' एवढंच बघते, आतला मजकूर नाही. प्रत्येक रिक्वेस्टला नवी की बनायची, ती कधीच सापडायची नाही, म्हणून पुन्हा नवी नोंद. म्हणजे हा कॅश दोन वर्षांत एकदाही कामी आला नव्हता. आणि याच कॅशचं त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये कौतुक झालं होतं! माझ्या टेस्टमध्ये मी एकच की बनवून दोनदा विचारली होती. अर्थातच सापडली.

दुरुस्ती अकरा ओळींची झाली, त्यातल्या दोन कॅशला मर्यादा घालणाऱ्या. रिपोर्टमध्ये माझं नाव घालायला मला अख्खी दुपार लागली. 'जुन्या कोडमधील त्रुटी' असं एकदा लिहिलं, खोडलं.

त्याच कॉलवर, त्याच पंधरा माणसांसमोर, सांगितलं. सगळे म्हणाले, होतं असं. तो काही म्हणाला नाही. संध्याकाळी मी त्याच्या डेस्कपाशी गेलो आणि सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "दादा, मी त्या नऊ दिवसांत माझा कोड रोज रात्री वाचायचो. सापडत नव्हतं, तर वाटलं मला येतच नाही काही."

मला काय बोलावं सुचेना. त्यानेच खुर्ची सरकवून जागा केली. "टेस्ट मी लिहू?" त्याने विचारलं. लिहिली. सारख्याच मजकुराच्या दोन वेगवेगळ्या कीज बनवल्या, एकीने ठेवलं, दुसरीने शोधलं. माझ्या जुन्या कोडवर चालवली. लाल. नव्यावर चालवली. हिरवी. मग पुन्हा एकदा जुन्यावर चालवून लाल बघितली त्याने, आणि मी काही म्हणालो नाही.