रिफ्लक्सच्या पलीकडे

चरोद्यात राहणाऱ्याला उष्णतेची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही. शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना. 1959 पासून तिथल्या झोतभट्ट्या चालू आहेत, आणि कोळशाचा कोक करताना निघणारं बेंझिन, टोल्युइन हे तर आमच्या विषयाचं भांडवलच. मी सेंद्रिय रसायनशास्त्र शिकलो आणि शिकवलं ते याच श्रद्धेनं. रेणू जुळत नाहीत? रिफ्लक्स लावा, टोल्युइन 110 अंशांवर रात्रभर उकळू द्या.

प्रकाशानं रिॲक्शन घडवणं मला हौसेचं काम वाटे. अतिनील दिवे, क्वार्ट्झची महागडी भांडी, आणि एवढं करून बरेचदा हाती चिकट राळ, कारण तो प्रकाश रेणूला नको तिथेही तोडतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गणेश पांडे यांनी प्रकाशाच्या जोरावर इलेक्ट्रॉन हलवून रेणू बांधले होते, ते वाचलं होतं. तरी ही मोजक्या रेणूंपुरती करामत आहे, असंच मनात बसलं. 2008 मध्ये अमेरिकेत मॅकमिलन आणि यून या रसायनशास्त्रज्ञांच्या गटांनी रुथेनियमचं संयुग आणि साधा दृश्य प्रकाश वापरला, तेव्हाही मी म्हणालो, इंधन वाचेल, आणखी काय?

मग एका जुन्या विद्यार्थ्यानं त्याच्या प्रयोगशाळेत मला एक कुपी दाखवली. पत्र्याच्या डब्याला आतून निळी एलईडी पट्टी चिकटवलेली, वर छोटा पंखा. कुपीत रुथेनियमचं नारिंगी द्रावण मंद तांबूस चमकत होतं. त्यानं नायट्रोजनचे बुडबुडे सोडले, चमक वाढली. हवा आत जाऊ दिली, ती पुन्हा मंदावली. ऑक्सिजन ती ऊर्जा मधल्यामध्ये पळवत होता. संयुगाची उत्तेजित अवस्था जेमतेम मायक्रोसेकंदभर टिकते. तेवढ्यात ते इलेक्ट्रॉन देऊही शकतं, घेऊही शकतं. ऊर्जेची ही पळवापळवी डोळ्यांसमोर घडताना पाहिली आणि माझा इंधनाचा हिशेब किती तोकडा होता ते कळलं.

उष्णता कुपीतल्या प्रत्येक रेणूला हलवते. निळा प्रकाश बहुतेक रंगहीन रेणूंना शिवतच नाही. तो शोषतं ते धातूचं संयुग. म्हणून औषधाच्या रेणूतले नाजूक भाग पुष्कळदा शाबूत राहतात. 2014 मध्ये या प्रकाशाला निकेलची जोड मिळाली. अमिनो आम्लाचा कार्बोक्सिल गट गळून मुक्तमूलक तयार होतो आणि निकेल तो बेंझिनच्या कड्याला जोडतं, तेही खोलीच्या तापमानाला. रात्रभर उकळूनही मला हे साधलं नसतं. ही वाटच निराळी आहे, आणि आता मी ती मनापासून मानतो.

सगळं मात्र पटलेलं नाही. यातल्या बऱ्याच रिॲक्शनना रुथेनियमऐवजी इरिडियमचं संयुग लागतं, आणि इरिडियम हा पृथ्वीवरच्या अतिदुर्मीळ धातूंपैकी एक. त्याच्या आधारानं उभ्या राहिलेल्या पद्धतीला स्वस्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गडद द्रावणात प्रकाश काही मिलिमीटरच शिरतो, म्हणून मोठ्या भांड्यात हे जमत नाही. बारीक नळीतून द्रावण वाहतं ठेवावं लागतं.

आमच्यासारख्या लहान गावातल्या कॉलेजांना म्हणून मी इओसिन सुचवतो. पॅथॉलॉजीवाले पेशी रंगवायला वापरतात तोच हा लाल रंग. त्यात धातू नाही, तो हिरव्या एलईडीवर चालतो आणि खिशाला परवडतो. एमएस्सीच्या प्रात्यक्षिकांत इओसिनचा प्रयोग आलाच पाहिजे, रिफ्लक्सच्या प्रयोगाइतकाच मान देऊन.