राणी कलर, प्लीज!

आई साडी घ्यायला गेली की एक सीन ठरलेला. गादीवर साड्यांचा ढीग, सेल्समन पदर खांद्यावर टाकून दाखवतोय आणि आई त्यातली एक उचलून सरळ दुकानाच्या दाराकडे निघते. ‘उजेडात बघू दे जरा.’ लहानपणी मला याची भयंकर लाज वाटायची. दुकानात एवढे लाइट लावलेत ते काय उगाच? आता मी तिशीकडे झुकलेय आणि ऑफिसमध्ये हातात प्रिंट घेऊन खिडकीकडे पळते. लोक हसतात. हसू देत.

तर झालं असं. मी पुण्यातल्या एका छोट्या डिझाइन एजन्सीत अकाउंट एक्झिक्युटिव्ह आहे. म्हणजे क्लायंटचं ऐकायचं, डिझायनरला सांगायचं आणि डिझायनर लग्नाला गावी गेला असेल तर स्वतःच निस्तरायचं. गेल्या जुलैत तो नेमका गेला होता. लक्ष्मी रोडवरच्या एका साडीवाल्यांचं काम होतं. गौरी-गणपतीच्या आधी त्यांना त्यांच्या खास गिऱ्हाइकांना द्यायला छोटंसं लुकबुक हवं होतं. चोवीस पानं, प्रती फक्त तीस. तीस प्रतींसाठी ऑफसेटला कोण जाणार? ऑफिसात कलर लेझर प्रिंटर आहे, ए-थ्री निघतो, जाड कागद घेतो. सर म्हणाले, ‘आपल्याकडेच काढू.’ मी म्हटलं, ‘डन!’

आदल्या रात्री साडेअकरापर्यंत बसले. फोटो सुंदर होते, पण स्क्रीनवर मला ते जरा पिवळट वाटत होते. राणी कलरची साडी तर चक्क विटकरीकडे झुकलेली. मग काय, दोन तास खपून मी एकेक फोटो ‘करेक्ट’ केला. निळा वाढव, पिवळा कमी कर. स्क्रीनवर राणी अगदी राणी झाल्यावर प्रिंट दिली आणि कॅब बोलावली. निघालेली पानं त्या अर्धवट अंधारात नीट बघितलीसुद्धा नाहीत.

सकाळी दुकानात मालकीणबाईंनी एकही शब्द न बोलता कपाटातून खरी साडी काढली, माझं पान घेतलं आणि दोन्ही घेऊन दाराशी गेल्या. (आई आठवली.) ‘अगं, ही माझी राणी नव्हे. हे वांगं आहे.’ खरंच वांगं होतं. रॉयल ब्लू जांभळा झाला होता. मॉडेलचा चेहरा तर थंडीत कुडकुडल्यासारखा. त्यांनी पान मधोमध दुमडलं, तर घडीवरचा रंग पापुद्र्यासारखा निघून त्यांच्या नखाला लागला. ‘आमचं गिऱ्हाईक फोटो बघून साडी मागवतं. घरी वेगळा रंग निघाला की साडी परत येते आणि पुन्हा ते गिऱ्हाईक येत नाही. आठवडा देते, जमतंय का बघा. नाहीतर राहू दे.’

बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, ‘काय झालं हे?’

आणि मी म्हटलं, ‘सर, टोनर. मामांनी परवा ते स्वस्तातलं आणलं ना, त्याचं असणार.’

मामा म्हणजे आमचे ऑफिस बॉय. बॉय कसले, साठीला आलेत. प्रिंटरचं कार्ट्रिज संपलं तेव्हा ओरिजिनल महाग पडतं म्हणून त्यांनी ओळखीच्या दुकानातून कंपॅटिबल आणलं होतं, सरांना विचारूनच. माझं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. दुसऱ्या कंपनीच्या टोनरचा लाल किंवा निळा मूळ टोनरसारखाच असेल याची खात्री नसते, आणि प्रिंटरचा सगळा हिशोब मूळ टोनर धरून केलेला असतो. पण मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त माझ्यावरून ते जायला हवं होतं. ऑफिसात पोचल्यावर सर सगळ्यांसमोर मामांवर भडकले. ‘पैसे वाचवायला सांगितले होते, काम घालवायला नाही!’ नवीन ओरिजिनल सेट मागवला आणि जुन्या कार्ट्रिजचे साडेसहा हजार मामांच्या पगारातून तीन हप्त्यांत कापा, असं अकाउंट्सला सांगितलं. मामा खाली मान घालून पँट्रीत गेले. मी मॉनिटरमागे डोकं घालून बसले.

ओरिजिनल कार्ट्रिज लागलं. मी तीच फाइल पुन्हा प्रिंट केली. पुन्हा वांगं.

आता बोला!

शनिवारी सुट्टी असूनही मी ऑफिसला गेले. किल्ली मामांकडे असते, त्यामुळे तेही आले. मी एकामागून एक पानं वाया घालवतेय हे त्यांनी अर्धा तास दुरून बघितलं. मग जवळ येऊन म्हणाले, ‘ताई, कागद कुठला लावलाय?’

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मामांनी बावीस वर्षं नारायण पेठेतल्या एका छापखान्यात ऑफसेट मशीनवर काढली आहेत. छापखाना बंद पडला, म्हणून ते आमच्याकडे चहा आणायला आले. तीन वर्षं ते माझ्या टेबलावर कप ठेवतायत, आणि मला पत्ताच नव्हता.

कागद आठवडाभर ट्रेमध्ये उघडा पडला होता. बाहेर जुलैचा पाऊस. मामांनी वरचं पान उचलून कोपरा हलवला. कडकड वाजायच्या ऐवजी नुसतं फडफडलं. ‘ओल धरलीये.’ लेझर प्रिंटरचा सगळा खेळ स्थिर विजेवर चालतो. लेझरचा किरण ड्रमवर विजेचं चित्र काढतो, त्याला टोनरची पूड चिकटते, ती कागदावर ओढली जाते आणि शेवटी गरम रोलरखाली वितळून बसते. चेस्टर कार्लसन नावाच्या माणसाने २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात याच तत्त्वावर पहिली कॉपी काढली होती. लेझर त्यात नंतर आला, पण वीज तीच. कागद दमट असेल तर ती वीज झिरपून जाते आणि पूड कुठे दाट, कुठे विरळ बसते. मामांनी लोखंडी कपाटातून सीलबंद रीम काढली. ती त्यांनी पावसाळ्यासाठी मुद्दाम ठेवली होती. कुणी विचारलंच नव्हतं.

मग सेटिंग. कागद १७० जीएसएमचा आणि ड्रायव्हरमध्ये मी ठेवलं होतं ‘प्लेन’. जाड कागदाला जास्त उष्णता लागते. प्रिंटरला ते सांगितलं नाही तर तो घाईत पान पुढे ढकलतो आणि रंग पक्का बसतच नाही. मालकीणबाईंच्या नखाला लागला तो हाच. ‘हेवी’ केलं. (इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर मात्र लेझरमध्ये चुकूनही घालू नका. त्याचा थर आत वितळून चिकटला की प्रिंटरची वाट लागते.) मग मेन्यूत जाऊन ‘कॅलिब्रेट’. मला ते बटण आहे हेच माहीत नव्हतं. दोन-तीन मिनिटं मशीन आतल्या आत घरघरतं, चारही रंगांचे ठिपके स्वतःच काढून स्वतःच मोजतं आणि जास्त-कमी ठीक करतं. कार्ट्रिज बदललं किंवा हवा बदलली की हे करायचं.

‘आता राखाडी काढा,’ मामा म्हणाले.

‘राखाडी?’

‘लाल-हिरवा बघून काय कळणार? ते सगळे चांगलेच दिसतात. राखाडी लबाडी करत नाही.’

निळा, लाल, पिवळा सारख्या तोलात असतील तरच राखाडी राखाडी राहतो. जरा लाल जास्त झाला की गुलाबी झाक येते, पिवळा जास्त की मातकट. आमच्या ड्रायव्हरमध्ये ‘राखाडी फक्त काळ्या टोनरने’ अशी एक सोय चालू होती. ती टेस्टपुरती बंद केली, नाहीतर रंगांची परीक्षाच होत नाही. फिक्यापासून गडदपर्यंत दहा चौकोनांची पट्टी काढली. मामांनी शर्टाच्या खिशातून पितळी भिंग काढलं. होय, अजून खिशात असतं! डोळ्याला लावून खिडकीशी उभे राहिले. मलाही दाखवलं. भिंगाखाली राखाडी नाहीच, नुसते निळे, लाल, पिवळे ठिपके एकमेकांना खेटून बसलेले, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. सॉलिड दिसतं ते.

पट्टी छान आली होती. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. आधी काढलेलं ‘खराब’ कार्ट्रिज पुन्हा बसवायला लावलं, कॅलिब्रेट केलं आणि तीच पट्टी काढली. तीही जवळजवळ तशीच आली. किंचित गुलाबी, पण भिंग नसतं तर मला कळलंही नसतं.

मामा काही बोलले नाहीत. मीही नाही.

मग मी फोटोग्राफरची मूळ फाइल, माझा हात न लागलेली, प्रिंट केली. बाहेर आली ती राणी. अगदी साडीसारखी नाही, पण राणीच.

म्हणजे प्रिंटर बरोबर, टोनर बरोबर, फोटोही बरोबर. मधे फक्त मी. पण मी केलं तरी काय? रात्री तर सगळं पिवळट दिसत होतं!

उत्तर संध्याकाळी सातनंतर मिळालं, सूर्य मावळल्यावर. मी स्क्रीनकडे बघत होते आणि ती हळूहळू पिवळी होत गेली. पांढरं पान सायीसारखं झालं. ‘नाइट लाइट’! डोळ्यांना त्रास नको म्हणून लॅपटॉपवर मीच कधीतरी सूर्यास्त ते सूर्योदय असं लावून ठेवलं होतं. फोनवर असतं तेच. रात्रभर मी पिवळ्या चष्म्यातून राणी बघत होते आणि तो चष्मा फोटोत निळा ओतून पुसत होते. स्क्रीनचा पिवळा कागदावर येत नाही. मी ओतलेला निळा मात्र येतो.

‘स्क्रीन पिवळी झाली हो, ताई,’ मामा मागून म्हणाले. आणि कप उचलून घेऊन गेले.

रविवार कसा गेला ते सांगत नाही. एकदा वाटलं, नव्या टोनरवर काम छान झालं, एवढंच सांगावं. कुणाला कळणार होतं? सर खूश, क्लायंट खूश. साडेसहा हजार, तीन हप्ते. माझ्या विकेंडच्या बिलाएवढे. मामांच्या घरी किती दिवसांचे, ते मला माहीत नाही. तेही मी कधी विचारलेलं नाही.

सोमवारी सरांच्या केबिनमध्ये गेले. ‘सर, टोनर ठीक होता. चूक माझी होती. फाइल मी बिघडवली.’ दोन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या. सरांनी पट्ट्यांकडे बघितलंच नाही. ‘मग त्या दिवशी का नाही बोललीस?’ ‘घाबरले.’ ते बराच वेळ पेन फिरवत राहिले. मग अकाउंट्सला फोन करून कपात थांबवली आणि म्हणाले, ‘मामांना तू सांग. मी ओरडलो, मीपण बोलेन. पण आधी तू.’

पँट्रीत मामा साखरेचा डबा भरत होते. मी सगळं एका दमात सांगितलं. ‘शनिवारीच कळलं होतं मला,’ ते म्हणाले.

‘मग बोलला का नाहीत?’

‘मी बोलून कोण ऐकणार होतं, ताई? त्या दिवशीही कुणी विचारलं नाही.’ डब्याचं झाकण लावलं आणि ओटा पुसायला लागले. मी सॉरी म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही.

काम मात्र झालं. मूळ फोटो घेतले. रंगांचा हिशोब सॉफ्टवेअरने करायचा की ड्रायव्हरने, हे एकदाच ठरवलं, कारण दोघांनी केला तर तो दोनदा होतो. ड्रायव्हरमधलं ते ‘व्हिव्हिड’ नावाचं भडक प्रकरण बंद केलं. स्क्रीनचा ब्राइटनेस उतरवला आणि प्रत्येक पान दुपारी खिडकीशी साडीला लावून बघितलं. ट्यूबलाइटखाली जुळणारे दोन रंग उजेडात वेगळे निघू शकतात, हे आईला कुणी न शिकवता माहीत होतं.

रॉयल ब्लू मात्र शेवटपर्यंत जमला नाही. स्क्रीन प्रकाशाने रंग बनवते, प्रिंटर पुडीने. तो चमकता निळा या चार पुडींमध्ये नाहीच. निळ्यात लाल मिसळूनच तो बनवावा लागतो, मग तो जांभळ्याकडे झुकतो. थोडा लाल कमी केला तर झाक गेली, पण तेजही गेलं. मी मालकीणबाईंना तसं सरळ सांगितलं. त्यांनी पानं दाराशी नेली, राणीला मान डोलावली, निळ्यावर थांबल्या. मग आत जाऊन त्याच कापडाचं ब्लाउजपीस घेऊन आल्या. ‘हे चिकटव त्या पानावर. बोटांनाही कळेल.’

तीस तुकडे मामांनी कापले, कातरकडेच्या कात्रीने, एकसारखे. मी चिकटवले. प्रिंटरच्या झाकणावर आता दर सोमवारी तारीख घातलेली राखाडी पट्टी असते आणि ती मामा काढतात, सरांनी सांगितलंय म्हणून. माझा चहा अजून सगळ्यांच्या शेवटी येतो.