हळू गाडी

मीटिऑर ३५० या मोटारसायकलचं वजन १९१ किलो आहे. हा आकडा मला घरात आणि मोहल्ल्यात इतक्या जणांनी ऐकवला की वर्गातल्या मुलींनाही तो पाठ झाला. "बाजी, आपको पेलेगी क्या?" एका बुजुर्गांनी तर माझ्या देखत ह्यांना विचारलं, "बहू को ये क्या सिखा रहे हो?"

गाडी ह्यांची, लांबच्या प्रवासाच्या हौसेनं घेतलेली. पण हे रोज कंपनीच्या बसने रांजणगावला जातात आणि ती सहा दिवस अंगणात उभी. माझी अम्मी दौंडला एकटी राहते. गुडघ्यांमुळे तिला एसटीची पायरी चढवत नाही, रिक्षात पाय दुमडवत नाही, आणि दर पंधरा दिवसांनी दवाखाना असतो. भाईजान दूर. शिरूरहून न्हावरे, चौफुला, पाटस करत मी ॲक्टिव्हावर जायचे. पण सोलापूर हायवेवर मोठा ट्रक शेजारून गेला की तिची लहान चाकं थरथरतात. मागे अम्मीला बसवायची हिंमत झाली नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. तेव्हा त्या १९१ किलोंचा हिशेब फळ्यावर मांडून पाहिला. गाडी सरळ उभी असेल तर सगळं वजन दोन टायर पेलतात, आपल्या हाताला काहीच येत नाही. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि हँडल एक मीटर उंच धरलं, तर गाडी पाच अंश कलल्यावर हँडलजवळ तिला धरून ठेवायला साधारण आठ किलोचा जोर पुरतो. तीस अंश कलली तर अठ्ठेचाळीस किलो. आठ किलो म्हणजे पाण्याची कळशी. त्या पुढे जाऊ द्यायची नाही, एवढंच काम. सीटची उंची ७६५ मिलिमीटर, त्यामुळे माझ्यासारख्या बुटक्या बाईचेही पाय टेकतात.

पळवायला ही गाडी सोपी आहे. वेगात ती एका बाजूला कलली की पुढचं चाक आपोआप त्याच बाजूला वळतं आणि गाडी सावरते. वेग साधारण वीसच्या खाली आला की ही मदत कमी होत जाते. मग सावरणारे आपणच. लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढायला लावतात तो याचसाठी. आमच्या शाळेत हळू सायकलची शर्यत होते. पाय टेकला तो बाद, सर्वांत शेवटी पोचेल तो पहिला. तिथे सुसाट सायकल हाणणारी मुलं पहिल्या दहा फुटांत बाद होतात. २६ जानेवारी २०१८ ला दिल्लीच्या संचलनात सीमा सुरक्षा दलाच्या मुलींनी, 'सीमा भवानी' पथकाने, बुलेटवर उभं राहून कसरती केल्या. टाळ्या वर उभ्या राहिलेल्यांना पडल्या. मी मात्र खाली गाडी धरून बसलेलीकडे बघत होते. एवढ्या जणी अंगावर घेऊन गाडी सावकाश आणि सरळ न्यायची!

अब्बा रेल्वेत ड्रायव्हर होते, दौंडलाच. ते म्हणायचे, मालगाडी धावते आपल्या वजनानं. ड्रायव्हर दिसतो तो थांबवताना.

फज्रनंतर ईदगाहशेजारच्या मोकळ्या मैदानावर हे विटा मांडून द्यायचे आणि मी त्यांच्यामधून गाडी काढायची. डाव्या हाताचा क्लच अर्धवट सोडलेला, ॲक्सिलेटर जरासा आणि एकसारखा, उजव्या पायाचा मागचा ब्रेक हलकेच लावलेला. इंजीन ओढतंय, ब्रेक रोखतोय, आणि मधल्या ताणावर गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्ये भिजलेला असतो, म्हणून थोडा वेळ असा ठेवला तरी मोटारीच्या क्लचसारखा लगेच जळत नाही. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही, हा एक नियम मात्र ह्यांनी कुराणावर हात ठेवून घ्यावा तसा वदवून घेतला. आणि नजर. विटेकडे पाहिलं की गाडी विटेवरच जाते. खांद्यावरून मागे, जिथे जायचं तिथे पाहिलं की ती तिकडे वळते. हातांना ते कसं कळतं, देव जाणे.

गळीत हंगामात न्हावऱ्याच्या रस्त्यानं गेलेल्यांना हे सगळं का लागतं ते सांगायला नको. उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, समोरून तसाच दुसरा. दोन-दोन किलोमीटर त्याच्या मागे माणसाच्या चालीनं जायचं, कांडी पडली तर चुकवायची. ओव्हरटेकची घाई करणारे आपल्याला धूळ देऊन जातात. जाऊ द्यावं.

खरी परीक्षा अम्मीची. गुडघ्यामुळे आणि बुरख्यामुळे ती एका बाजूलाच बसते, डावीकडे पाय सोडून. म्हणजे साठेक किलो वजन मधोमध राहत नाही. हायवेवर ते जाणवत नाही, गल्लीत प्रत्येक वळणावर जाणवतं. मागच्या चाकाला अर्धं तरी झाकण आणि बसणाऱ्याला धरायला दांडा असावा, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. तरी मी बुरख्याची किनार स्वतः खोचून घेतली, हेल्मेटचा पट्टा लावला. ती कलमा पुटपुटत होती.

दौंडच्या जुन्या कुरकुंभ मोरीत पुढे टेम्पो अडकलेला. वर रेल्वे, खाली अरुंद रस्ता, तळाला पाणी. पाय कुठे टेकावा कळेना, म्हणून टेकलाच नाही. क्लच, ब्रेक, नजर पलीकडच्या उजेडावर. गाडी पावला-पावलानं सरकत राहिली. अम्मीचा हात माझ्या खांद्यावर घट्ट रुतलेला. मोरी संपली, चढ लागला, तेव्हा तो हात जरा सैल झाला आणि मागून आवाज आला, "अब ज़रा तेज चला ना बेटी, डॉक्टर उठ जाएगा."