मन्याऽऽ, येतोस का?

माझ्या मुलीला शनिवारी मैत्रिणीशी खेळायचं होतं. म्हणून बुधवारी बायकोने त्या मैत्रिणीच्या आईला मेसेज केला. गुरुवारी उत्तर आलं, शुक्रवारी वेळ पक्की झाली: साडेचार ते सहा. सहाला चित्रकलेचा क्लास. शिवाय तिला शेंगदाणे चालत नाहीत, तेवढं बघा. दोघी राहतात एकाच सोसायटीत, फक्त इमारती समोरासमोर. आमच्याकडे एवढी बोलणी मुंजीची तारीख काढताना व्हायची.

ह्यात हसण्यासारखं फार काही नाही, हे मला कळतं. लिफ्टने अकराव्या मजल्यावरून खाली यायचं, मधे गाड्या, दोन्ही घरचे आई-बाप नोकरीवर. तरीही शनिवारी साडेचारला बेल वाजली आणि ती मुलगी डबा-बाटलीसकट दारात उभी राहिली, तेव्हा मला एकदम वाटलं की हिला कुणी हाक मारलीच नाही.

आमचा वाडा नारायण पेठेत. अकरा बिऱ्हाडं, मधे दगडी चौक, चौकात एक नळ आणि रस्त्याच्या बाजूला दिंडी दरवाजा. खेळायचं 'ठरवणं' ही गोष्ट तिथे नव्हती. एकाने चौकात उभं राहायचं, मान वर करायची आणि शेवटचा स्वर जितका ताणता येईल तितका ताणायचा. "मन्याऽऽऽ!" हाक मुलाला असे, पण उत्तर द्यायचा पहिला हक्क त्याच्या आईचा. काकू गॅलरीतून डोकावायच्या. "जेवतोय." ह्याचा अर्थ दहा मिनिटं. "झोपलाय," म्हणजे झोपलेला नाही, पण गणितात काहीतरी झालेलं आहे. आणि "तुम्हाला उन्हातान्हाचं काही वाटत नाही का रे?" हे उत्तर आलं, तर मन्या मागच्या जिन्याने आधीच खाली उतरलेला असायचा.

पहिली हाक कुणाला, हे मैत्रीवर नाही, सामानावर ठरे. ज्याची बॅट, त्याला आधी. लगोरीच्या सात फरश्या गोळा करून जिन्याखाली लपवलेल्या असत, पण चेंडू बाळ्याकडे. बाळ्याला ताप आला की पंधरा पोरांचा खेळ बदलून डबा ऐसपैस व्हायचा. सगळे जमले की तळहात एकावर एक, चकायचं. पालथे किती, उताणे किती. सुटत सुटत जो शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. सगळ्यात लहान तो लिंबूटिंबू. तो खेळात असतो आणि नसतोही.

दुपारी एक ते चार मात्र हाकेला बंदी. पुण्यातली ती वेळ. तेव्हा चौकात कावळाही जपून बोलायचा. त्या तीन तासांत आमची दुसरी भाषा चाले. भिंतीवर चेंडूचे दोन टप्पे, कठड्यावर गोटीची टिचकी, सायकलच्या घंटीचा अर्धा आवाज. बाळ्याचे आजोबा त्यावरही उठत, ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळी हाकांची दिशा उलटायची. चारला पोरांनी पोरांना बोलावलेलं असे, सातला आया बोलवायच्या. रस्त्यावरचा दिवा लागला की पहिल्या हाकेला कुणी हलत नसे, दुसऱ्या हाकेला "आलो!" म्हणायचं, तिसऱ्या हाकेत पूर्ण नाव आडनावासकट आलं की डाव तिथेच मोडायचा. राज्य कुणावर होतं ते उद्यापर्यंत लक्षात ठेवायचं. आणि कधी पेठेतले दिवे गेलेच, तर न बोलावता सगळा वाडा चौकात. अंधारातल्या लपंडावाची मजा काही औरच होती.

25 जानेवारी 1987ला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं आणि पुढचं दीड वर्ष रविवारी सकाळी हाकेची गरज उरली नाही. टीव्ही वाड्यात दोन घरी, आम्ही सगळे तिथेच जमिनीवर. मालिका संपली की तसेच चौकात, खराट्याच्या काड्यांचे बाण घेऊन. खराटे झिजायचे त्याचा बोभाटा अकराही बिऱ्हाडांत व्हायचा.

हाकेचा एक गुण तेव्हा ध्यानात आला नव्हता. ती एकाच्या नावाने असली, तरी ऐकू सगळ्यांना जायची. कोण कुणाला बोलावतोय, कोण कुणाला बोलावत नाहीये, हे आख्ख्या वाड्याला माहीत असे. लपवून खेळायची सोयच नव्हती.

दिंडी दरवाजाला लागून असलेल्या खोलीत सुध्या राहायचा. आमच्याच वयाचा, पण धावायला जड. बाद झाला की डोळ्यात पाणी आणि "मी टाइमप्लीज म्हटलं होतं." रडीचा डाव, असा त्याच्यावर शिक्का होता. त्याला कधी कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मारायची गरजच पडली नाही. सगळ्या हाका त्याच्या खिडकीवरून जायच्या. तिसऱ्या मुलाला बोलावून होईपर्यंत सुध्या ओट्यावर चपला घालत बसलेला दिसायचा. मग चकायला एक हात जास्त. कुणी 'ये' म्हणालं नाही आणि कुणी 'जा'ही म्हणालं नाही. आता वाटतं, तो आमच्यात आला तो आमच्या चांगुलपणामुळे नाही, आमच्या घशामुळे.

1992 साली आमच्याकडे फोन आला. त्याआधी वाड्यात एकच, खालच्या मजल्यावर. तो सगळ्यांचा पीपी नंबर आणि त्यावर बहुतेक वाईट बातम्याच यायच्या. फोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबत, म्हणून आईने त्यावर क्रोशाचं झाकण घातलं. मन्याचे आईवडील तोवर दोन गल्ल्या पलीकडे फ्लॅटमध्ये गेले होते, त्यांच्याकडेही फोन. एका रविवारी दुपारी दोनला घंटी वाजली. मी उचलला. ज्याच्याशी रोज गळा फाडून बोलायचो, त्याला मी "हॅलो, कोण बोलतंय?" असं विचारलं. तोही आवाज खाली ठेवून बोलला. साडेतीनला नदीपात्रात. बाळ्याला तू सांग. जास्त जण नकोत, अकरा पुरे.

बाळ्याला मी जिन्यातच सांगितलं, हळू आवाजात. दिंडी दरवाजातून आम्ही एकेकटे बाहेर पडलो. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण पडलो खरे. मॅच छान झाली. मन्याने एक चेंडू थेट पाण्यात घालवला, त्यावरून भांडणही झालं.

परतलो तेव्हा दिवे लागले होते. सुध्या ओट्यावर बसला होता, पायात चपला. माझ्या पँटला गुडघ्यापर्यंत नदीचा चिखल. त्याने तो पाहिला की नाही, कोण जाणे.

"आज कुणीच आलं नाही का रे खेळायला?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "अभ्यास होता सगळ्यांना."

तो चपला काढून आत गेला.