नवीन काही नाही

माझ्या फीड रीडरमध्ये विषयांचे फोल्डर नाहीत. विज्ञान, भाषा, शेती, पुस्तकं अशी मांडणी बहुतेक जण करतात आणि दिसायला ती नीटनेटकीही दिसते. माझे फोल्डर तीनच आहेत: ‘रोजचे’, ‘अधूनमधून’ आणि ‘क्वचित’. सकाळी वाचायला बसले की आधी ‘क्वचित’ उघडते. बहुतेक दिवशी तिथे काहीच नसतं. ज्या दिवशी असतं, त्या दिवशी ‘रोजचे’कडे फिरकत नाही.

विज्ञानावर मराठीत लिहिणं हे माझं काम. कच्चा माल बराचसा नेटवरून येतो, म्हणून तो कुठून, कसा, कोणत्या क्रमाने येतो याची उठाठेव करावी लागते. ही वेगानुसार केलेली वाटणी मला सुचली ती फीड ही वस्तू मुळात काय आहे ते कळल्यावर. संकेतस्थळाच्या एका कोपऱ्यात एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात शेवटच्या दहा-वीस लेखांची शीर्षकं, दुवे, तारखा आणि कधी पूर्ण मजकूर. रीडर ठरावीक वेळाने तिथे जाऊन विचारतो, मागच्या खेपेनंतर काही बदललंय का? बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ हा आकडा परत करतो. त्याचा अर्थ, नवीन काही नाही. फाइल पुन्हा पाठवत नाही. एवढाच व्यवहार. मला काय आवडेल, मी काय बघून किती वेळ थांबेन, याचा हिशेब मध्ये कोणी करत नाही.

१९९९च्या मार्चमध्ये ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपने आपल्या पोर्टलसाठी आरएसएस नावाचा हा आराखडा काढला. पुढच्याच वर्षी आरएसएस १.० लिहिणाऱ्या गटात आरन स्वार्ट्झ नावाचा मुलगा होता, वय वर्षं चौदा. २००२मध्ये प्रोग्रामर डेव्ह वायनरने २.० आणलं, २००५मध्ये ॲटम हे वेगळं प्रमाण ठरलं. कोणती आवृत्ती खरी यावर त्या काळात झालेली भांडणं आज वाचली तर आपल्याकडच्या शुद्धलेखनाच्या वादांची आठवण होते. रीडर बिचारा सगळ्या आवृत्त्या निमूट वाचतो. पॉडकास्ट ऐकणाऱ्यांना कल्पना नसते, पण त्यांचा नवा भागही याच फाइलीतून येतो.

फाइल दहा-वीस लेखांचीच असते, ही गोष्ट मात्र महत्त्वाची. दिवसाला शंभर बातम्या टाकणाऱ्या वर्तमानपत्राच्या फीडमधून सकाळची बातमी दुपारपर्यंत खाली सरकत बाहेर पडते. रीडर घरच्या संगणकावर असेल आणि तो दोन दिवस बंद राहिला, तर मधलं सगळं गेलं. आणि गेलं तरी बिघडत नाही, कारण त्यातलं जे मोठं होतं ते एव्हाना तीन व्हॉट्सॲप ग्रुपांनी आणि एका नातेवाइकाने पाठवलेलं असतं. याउलट जो माणूस वर्षाकाठी दोनदा-तीनदा लिहितो, त्याचा लेख फाइलीच्या डोक्यावर महिनोन्‌महिने तसाच बसून राहतो. मी महिनाभर गावाला जाऊन आले तरी तो हुकत नाही.

फीड रीडरबद्दल माझं मत यातूनच झालं. हे यंत्र भरपूर वाचणाऱ्यांसाठी आहे असं समजलं जातं. माझ्या मते ते क्वचित लिहिणाऱ्यांसाठी आहे. समाजमाध्यमांवर जो रोज बोलतो तो दिसतो. आठ महिने गप्प बसून एक भरीव लेख लिहिणाऱ्याला तिथे कोणी विचारत नाही, आणि त्याने लिहिलंय हे मला सांगायलाही कोणी येत नाही. रोज सकाळी त्याच्या दारात जाऊन बघणं मला शक्य नाही. रीडरला आहे, शिवाय त्याला कंटाळा येत नाही.

मराठीत हे विशेष लागू पडतं. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा आपापला फॉन्ट होता. तो नसेल तर पानभर अगम्य चिन्हं. युनिकोड आलं आणि २००५नंतरच्या काही वर्षांत मराठी ब्लॉगांना बहर आला. पुढे मंडळी फेसबुकवर गेली हे खरं, पण सगळे ब्लॉग बंद पडले नाहीत, काही नुसते संथ झाले. ब्लॉगस्पॉट असो की वर्डप्रेस, फीड आपोआप तयार होतं. लिहिणाऱ्याला बऱ्याचदा त्याचा पत्ताही नसतो. माझ्या ‘क्वचित’मध्ये भूशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापक आहेत. पाऊस संपला की त्या सह्याद्रीत हिंडून येतात आणि बेसॉल्टच्या थरांवर लिहितात, एरवी अवाक्षर नाही. शिलालेखांवर लिहिणारे एक गृहस्थ आहेत; एखादं अक्षर लागलं की लेख, नाही लागलं की वर्ष कोरडं. मराठी विकिपीडियावरच्या काही नोंदीही याच फोल्डरमध्ये आहेत. तिथे प्रत्येक पानाच्या इतिहासाचं फीड मिळतं, त्यामुळे एखाद्या वैज्ञानिक संज्ञेच्या पानावर कोणी काय बदललं ते मला बसल्या जागी कळतं.

नवं फीड घेताना मी शेवटच्या दहा लेखांच्या तारखा बघते. दहाही एका आठवड्यातल्या असतील तर ते ‘रोजचे’मध्ये जातं, लेखन कितीही चांगलं असो. ‘रोजचे’ला एक नियम आहे: रात्री सगळं ‘वाचलं’ अशी खूण करून मोकळं व्हायचं. न वाचलेल्यांचा आकडा दाखवणारी सोय मी बंद करून टाकली आहे. आकडा दिसला की वाचनाची थकबाकी होते, आणि थकबाकी भागवायला माणूस वाचतो तेव्हा त्याचे डोळे फक्त ओळींवरून सरकत असतात.

साठवण्याबद्दल थोडं. गूगल रीडर १ जुलै २०१३ला बंद झाला, लेख साठवून ठेवणाऱ्या सेवांपैकी ऑम्निव्होर २०२४च्या नोव्हेंबरात, पॉकेट २०२५च्या जुलैमध्ये. तेव्हा कोणता रीडर चांगला या प्रश्नात मी फार जीव गुंतवत नाही. फीडांची यादी ओपीएमएल नावाच्या छोट्या फाइलीत उतरवून घेता येते आणि दुसऱ्या कुठल्याही रीडरमध्ये ओतता येते. ती फाइल आपल्याकडे असली म्हणजे झालं. ‘नंतर वाचू’च्या याद्यांवर तर माझा विश्वासच नाही. लग्नाला येतो म्हणणाऱ्या दूरच्या पाहुण्यासारखं ते असतं, दोन्ही बाजूंना माहीत असतं.

त्याऐवजी महिन्याला एक साधी मजकूर-फाइल. वाचलेल्या लेखाची तारीख, दुवा आणि खाली दोन ओळी, त्याही मराठीतच. इंग्रजी लेखातला मुद्दा मराठीच्या दोन ओळींत बसत नसेल तर तो मला कळलेला नाही, असं मी धरते आणि लेख पुन्हा उघडते. इंग्रजीत टिपण केलं की लेखातलेच शब्द परत उतरवले जातात आणि समजल्याचा भास होतो.

या फाइलींत शोधताना मात्र मराठीचा एक हिसका बसतो. ‘ऱ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवलं जातं: एकसंध, किंवा र आणि त्याखाली नुक्ता. ‘ॲ’चंही तसंच, काही कीबोर्ड ‘अ’ला वेगळा चंद्र जोडतात. डोळ्याला दोन्ही सारखे, शोधयंत्राला निराळे. ‘वाऱ्याची ऊर्जा’ शोधावं तर निम्मी टिपणं लपून बसतात. मी फोनवर आणि संगणकावर एकच कीबोर्ड ठेवला आहे. दुवे चिकटवताना सोबत आलेली शीर्षकं तरीही घोळ घालतातच.

‘क्वचित’मधलं फीड गप्प आहे म्हणून मी कधी काढत नाही. ३०४ येत असेल तोवर पत्ता शाबूत आहे. काढायची वेळ वेगळ्याच प्रकारे येते. डोमेनची वार्षिक रक्कम कोणी भरत नाही, पत्ता मोकळा होतो, भलताच कोणी तो विकत घेतो. मग वर्षानुवर्षं मुकं असलेलं फीड एका सकाळी एकदम वीस लेख घेऊन उगवतं. वीसही तारखा आजच्या, विषय ऑनलाइन रमी.